सकाळचे चेहरे

"बायकांची थोबाडं काढ त्या पडद्यावरून. आजच काढ."

आबासाहेबांनी खुर्चीतून न उठताच फर्मान सोडलं. पेडगाव फाट्यावरची दूध डेअरी त्यांची होती, आवाज मात्र सगळी पंचक्रोशी विकत घेतल्यासारखा.

सिद्धोधनने मान वर केली नाही. कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी बसल्यावर कुठं ही ऑपरेटरची नोकरी हाती लागली होती. पूर्वी बायका खात्याचा नंबर विसरायच्या, एकीचं दूध दुसरीच्या खात्यावर पडायचं आणि काट्यापाशी झिंज्या उपटायची वेळ यायची. म्हणून त्यानं पायथनमध्ये प्रोग्राम लिहून पडद्यावर फोटोंची बटणं केली. फोटोला बोट लावलं की दूध त्या खात्यावर. सकाळी बायका दूध आणायच्या, संध्याकाळी पुरुष. तेव्हा बटणावरचं चित्र वेळ बघून प्रोग्रामच निवडायचा. सकाळी बाई, संध्याकाळी तिचा माणूस. भांडणं मिटली. पण ज्याला निवाडे करायची चटक लागलेली, त्याला ही शांतता कशी मानवणार?

"गोंधळ होऊ नये म्हणून केलं, आबासाहेब."

"खातं माणसाचं हाय ना? मग तोंड बी त्याचंच. आन तुझी आई माझ्या सुनेच्या शेजारी दिसायलीय, ते लोकांनी रोज बघायचं का? नोकरी करायची का न्हाई, तेवढं सांग."

सिद्धोधनला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला. पण नोकरी करायची होती. त्यानं प्रोग्रामातली एक ओळ बदलली आणि सकाळच्या पडद्यावरही पुरुष येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पहिली बाई कॅन घेऊन आली, पडदा बघितला आणि मागं सरली.

"धन्याच्या तोंडावर बोट कसं ठिवू? ते बी चारचौघांत?"

नवऱ्याचं नावसुद्धा ओठांवर न आणणाऱ्या बायका त्या. मागचीही पुढं येईना. कॅनमधलं दूध तापायला लागलं तसे आबासाहेब खेकसले, "सिद्ध्या, तूच दाब."

बाई हनुवटीनं दाखवायची, सिद्धोधन निमूट बोट लावायचा. मग आबासाहेबांची सून बबिता पुढं आली. खातं सासऱ्याचं, त्यामुळं तिच्या बटणावर फेटा बांधलेले खुद्द आबासाहेब होते. सिद्धोधनने हात खाली घेतला.

"तुमच्या तोंडावर मी बोट ठिवलेलं चालंल का, आबासाहेब?"

रांगेत कुणी हसलं नाही. आबासाहेब तरातरा उठले, पडद्यावरच्या स्वतःच्याच तोंडावर बोट खुपसलं आणि गरजले, "उद्यापासून येऊ नगंस."

शेवटची राहिली सिद्धोधनची आई, मालनबाई. तिचा नवरा सूर्यभान जाऊन वर्षं लोटली, तरी खातं त्याच्याच नावावर होतं. तिच्या नावावर करायचं आबासाहेबांनी दरवेळी टाळलेलं. दूध जिवंत बाई घालत होती आणि पडद्यावर मेलेला माणूस होता. ती मात्र मागं सरली नाही. पदराला हात पुसून तिनं नवऱ्याच्या गालावर तळवा ठेवला. पावती बाहेर आली तरी हात काढला नाही.

मग लेकाकडं वळून म्हणाली, "माझा फोटू हाय का अजून त्या मशिनीत?"

"हाय, आई."

"माझ्या मोबाइलात टाक आन हितला पुसून टाक. हितं ठिवायचा न्हाई."

"भाऊ, माझा बी," बबिता म्हणाली. सासऱ्याकडं तिनं बघितलंही नाही.

ते कानावर पडताच रिकामे कॅन घेऊन रस्त्याला लागलेल्या बायका माघारी वळल्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. सिद्धोधन एकेकीचा फोटो तिच्या हवाली करून मशिनमधून पुसत होता. आबासाहेब खुर्चीतून बघत होते. एकीला तरी नावानं दरडावून थांबवावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण सुनेखेरीज रांगेतल्या एकीचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.