हातची पाच मिनिटं

…काटा सरकतो तेव्हा आवाज होत नाही, पण त्याला तो ऐकू येतो. उशाजवळच्या टेबलावर पाण्याच्या भांड्याला टेकून ठेवलेलं मनगटी घड्याळ, पट्टा कितीदा तरी बदललेला, काचेवर सहाच्या आकड्यापाशी एक चरा – आणि पाच मिनिटं पुढे. पुढे म्हणजे जगाच्या पुढे. शाळेच्या हिशेबानं अगदी बरोबर. जाग आल्यावर पडल्यापडल्या तो आधी या घड्याळाकडे बघतो, मग उघड्या दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि दोघांमधलं अंतर जागच्या जागी आहे याची खात्री पटली की मगच उठतो. भिंतीवरचं घड्याळ बायकोचं. एका घरात दोन वेळा नांदत आल्या, आणि कितीही वाजलं तरी एकीनं दुसरीला घराबाहेर काढलं नाही. आता बायको नाही, पण तिची वेळ चालू आहे. परवाच त्यानं स्टुलावर चढून तिच्या घड्याळाचा सेल बदलला.

आज शाळेत जायचं होतं. त्याच्या शाळेत – ‘शाळा’ म्हटलं की त्याच्या तोंडी दुसरी कुठली नसतेच. शाळेच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ कित्येक महिने बंद पडलं होतं, ते दुरुस्त होऊन आलं होतं, आणि माजी विद्यार्थ्यांच्या समितीचं ते पुन्हा सुरू करण्याच्या समारंभातल्या पडद्याच्या रंगापासून पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत सगळ्यावर एकमत झालं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. घड्याळ आता बरोबर वेळेला लावायचं, की पहिल्यापासून होतं तसं पाच मिनिटं पुढे? मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “शाळेचा इतिहास तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे? तुम्ही म्हणाल तसं करू.” आणि फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःची लाजही वाटली होती.

दाढी करताना त्यानं आरशात बघून गोष्टीची उजळणी केली. तशी गरज नव्हती, तोंडपाठच होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढता काढता जन्म गेला, शहराखालून जाणारी प्रत्येक जलवाहिनी कागदावर आखली, पण त्यातलं एक अक्षर त्यानं कधी कुणाला कौतुकानं सांगितलं नाही. कौतुक सगळं शाळेचं. लाकडाच्या वखारीत चार बाकांवर सुरू झालेली शाळा. मास्तर स्वतः झाडू मारायचे ती शाळा. पाहुण्यांत कुणी नुसतं ‘आमचा धाकटा यंदा दहावीला’ एवढं म्हणायचा अवकाश, की मुलगा ताट उचलून दुसऱ्या खोलीत पळायचा, मुलगी ‘झालं सुरू’ म्हणून कपाळाला हात लावायची. बसून राहायची ती एकटी बायको. ऐकता ऐकता तिचे ओठ हलायचे, त्याचं वाक्य त्याच्या आधी अर्धा शब्द पुढे, आणि तो कुठे अडखळला तर पान लावता लावता खाली मान घालून हळूच म्हणायची, “वखार… वखारीचं राहिलं.” नाही, पान नव्हे, पान ती कधी खायची? शर्टाची बटणं शिवत असायची. काहीही आठवतं हल्ली, दुसऱ्या कुणाचं तरी तिच्या अंगावर चढवलं जातं… बटणं. दातानं दोरा तोडायची आणि म्हणायची, “वखारीचं राहिलं.”

तिला स्वतःची अशी शाळा नव्हती. होती, सातवीपर्यंत, मग पाठची भावंडं सांभाळायला घरी बसवली. त्या शाळेचं पुढे गोदाम झालं. एकदा दोघं त्या रस्त्यानं चालले असताना तिनं सहज बोट दाखवलं होतं, “ती बघा, माझी शाळा,” आणि त्यानं बघितलं होतं, पत्र्याचं शटर, बाहेर रचलेली खोकी, आणि तो हसला होता. वाईट हेतूनं नाही. पण हसला होता. तीही हसली होती. मग चार पावलं गेल्यावर त्यानं पुन्हा आपल्या शाळेचं काहीतरी सुरू केलं होतं आणि ती ऐकत राहिली होती.

बूट घालून तो दारात उभा राहिला.

हे रोजचंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचं. याच्या घड्याळानं निघायची वेळ झालेली, हा बूट घालून, कुलूप हातात घेऊन दारात, आणि ती आत आरशापुढे, तोंडात केसांच्या पिना, “आले, आले… अहो मॉनिटर, अजून पाच मिनिटं आहेत!” मॉनिटर हे तिनं ठेवलेलं नाव. दहावीत तो खरोखरच मॉनिटर होता, घंटा व्हायच्या आत वर्ग उभा करायचं काम त्याचं – घंटा ऐकून उठतात ती दुसऱ्या शाळांची मुलं, आपल्या शाळेचा मुलगा घंटेआधी उभा असतो – आणि ते त्यानं पहिल्याच आठवड्यात मोठ्या अभिमानानं तिला सांगितलं होतं, आणि मग काय, आयतं कोलीत. दारात उभं राहून तो चिडायचा. कुलपाची कडी वाजवायचा. ती पिना खोचत बाहेर यायची, पायात चपला सरकवत एकदा विचारलं होतं तिनं, “पण काय हो, लवकर पोचून तिथे तुम्ही करता काय?” “करायचं काय? पोचतो,” तो म्हणाला होता. “ते कळलं. पोचून?” त्यानं दार ओढून कुलूप लावलं होतं. पोचून तो उभा राहायचा.

आजही तो उभा राहिला. आतून कुणी ‘आले, आले’ म्हणालं नाही. तरी भिंतीवरच्या घड्याळात निघायची वेळ होईपर्यंत तो उभा होता, कुलूप हातात धरून, कडी न वाजवता. तो रोजच असा थांबतो; मुलीला हे सांगितलं तर ती आपल्याकडे राहायला घेऊन जाईल.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसलेली, डब्याला पिशवी, पिशवीला गाठ… तशीच गाठ. तशाच गाठीची पिशवी घेऊन मी त्या दिवशी – नको. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. औषधाचं दुकान, चष्म्याचं दुकान, फळ्या कापायचा कारखाना. गोष्ट कुठून सुरू करायची? वखारीपासून. वखार, चार बाक, मग पहिली तुकडी, मग परीक्षा… ती होती त्या दवाखान्यातही घंटा होती. भेटायची वेळ संपली की परिचारिका टेबलावरची छोटी घंटा वाजवत खाटांमधून फिरायची, आणि सगळे नातेवाईक ऐकू न आल्यासारखं करून बसून राहायचे, हात धरून, उशी सारखी करत, मग ती दुसऱ्यांदा यायची, ‘चला, उठा आता’ म्हणायची, तेव्हा कुठे कुरकुरत उठायचे. त्याला तो सगळा प्रकार बेशिस्तीचा वाटायचा. त्याला कुणी कधी ‘उठा’ म्हणालं नाही. घंटेआधी तो उभा.

त्या दिवशीही उभा राहिला होता. रिकामा डबा पिशवीत घातला, गाठ मारली. तिनं हनुवटीनंच समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. “अजून पाच मिनिटं आहेत की.” आवाज गेलेला, नुसता वारा. आणि मी काय म्हणालो? मी हसून म्हणालो, “तुमच्या घड्याळात. आमच्या शाळेची वेळ झाली.” ती पण हसली. “जा, मॉनिटर, जा.” पहाटे फोन आला.

भांडण नाही, तंटा नाही. दोघं हसत होती. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखंही काही नाही, ऐकणारा म्हणेल, अहो पाच मिनिटांनी काय होणार होतं? काही होणार नव्हतं. ती पहाटे गेली, तो संध्याकाळी निघाला. पाच मिनिटं थांबला असता तरी ती पहाटेच गेली असती. हे त्याला ठाऊक आहे, गणितासारखं ठाऊक आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. थांबा आला तेव्हा तो नेहमीसारखा आधीच दारात जाऊन उभा होता.

शाळा मात्र जिथल्या तिथे होती. मधोमध झिजलेल्या पायऱ्या, ओल्या फडक्याचा आणि खडूचा वास, लांबलचक व्हरांडा. वर मनोऱ्यात घड्याळ – नुकतं रंगवलेलं, काटे बारावर एकावर एक ठेवून थांबवलेले. त्याला बघून त्याचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. इतक्या दिवसांत कशानं भरून आला नव्हता तो दगडमातीच्या भिंतींनी आला. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाभोवती समिती बसली होती. त्याच्याच वर्गातला वकील, जो शाळेत असल्यापासून प्रत्येक गोष्टीला हरकत घेई; एक डॉक्टरीणबाई, बऱ्याच मागून शिकलेल्या; दोघं-तिघं तरुण, मोबाइल टेबलावर पालथे; आणि मुख्याध्यापिकाबाई. बाई दुसऱ्या शाळेत शिकलेल्या, पण चांगल्या होत्या.

“माझी अडचण एवढीच आहे,” बाई म्हणाल्या, “मुलांच्या खिशात फोन आहेत. वर बघतात, खाली बघतात, आणि मला विचारतात, बाई, शाळेचं घड्याळ चुकलंय का? काय उत्तर देऊ?”

“चुकलंय म्हणायचं काय कारण?” वकील म्हणाला. “परंपरा आहे ती.”

“परंपरा आहे हे मान्य, पण ती कशासाठी आहे ते मला त्यांना सांगता आलं पाहिजे ना.”

“ते हाच सांगेल. सांग रे. सांग त्यांना वखारीपासून.”

सगळे त्याच्याकडे वळून बसले. तो उभा राहिला – बसून ही गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती – आणि सुरू झाला. वखार, चार बाक, झाडू मारणारे हेडमास्तर. पहिली तुकडी. नदीपलीकडच्या गावात परीक्षा. नाव उशिरा सुटली म्हणून एक मुलगा धापा टाकत पोचला तेव्हा फाटक नुकतंच लागलेलं. हेडमास्तरांनी टोपी हातात घेऊन विनवण्या केल्या, फाटक उघडलं नाही.

“मुलगा तिथेच मटकन बसला,” तो म्हणाला. “आणि हेडमास्तर… पेपर संपेपर्यंत हेडमास्तर त्याच्याजवळ उभे राहिले.”

हे वाक्य त्यानं आजवर किती वेळा म्हटलं असेल. भराभर म्हणून टाकायचा, कारण पुढे टाळ्यांची जागा होती – ‘तेव्हापासून या शाळेचा मुलगा कुठेही उशिरा पोचलेला नाही!’ – आणि त्या जागेकडे त्याची धाव असायची. आज ते वाक्य तोंडातून निघालं आणि तिथेच थांबलं. पेपर संपेपर्यंत. आत जाता येणार नव्हतं, काही होणार नव्हतं, तरी उभे राहिले.

“मग शाळेला हे घड्याळ मिळालं,” त्यानं सावकाश पुढे म्हटलं. “हेडमास्तर स्वतः वर चढले, काटा पुढे केला आणि म्हणाले… म्हणाले, माझ्या मुलांच्या हातात पाच मिनिटं राहू देत.”

हातात. हातची म्हणून दिली होती त्यांनी, शिलकीची. कुणीतरी धापा टाकत येईल, कुणाला तरी थोडं थांबावं लागेल, तेव्हा खर्चायला. आणि मी ती जन्मभर मिरवली, एकदाही खर्चली नाही… ती दारात येईपर्यंत कडी वाजवत होतो मी. पोचून काय करता, असं तिनं विचारलं होतं. तिला गोष्ट माझ्याआधी अर्धा शब्द पुढे पाठ होती. तिनं ती ऐकली होती. मी फक्त सांगत होतो.

“आणि तेव्हापासून?” वकिलानं हात टाळीला उचलूनच ठेवले होते. “अरे, पुढचं सांग की.”

त्याला पुढचं आठवेना. म्हणजे शब्द आठवत होते. त्यानं खाली बघितलं, घरी गोष्ट सांगताना ती जिथे बसायची त्या बाजूला, कुणी बटणं शिवता शिवता शब्द पुढे करतंय का म्हणून. तिथे वकिलाची चामडी बॅग होती.

“बरं वाटत नाहीये का?” डॉक्टरीणबाई अर्धवट उठल्या.

“नाही, बरा आहे,” तो म्हणाला. “मला… मला पाच मिनिटं द्या.”

कुणीतरी हसलं. वकीलच असावा. विनोद केला असं वाटलं असेल.

मनोऱ्याखाली दगडी बाक होता, बदामाच्या झाडाला लागून. तो जाऊन आधी मधोमध बसला, मग सरकून एका कडेला झाला. वरच्या मजल्यावर कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते, सगळ्यांचा मिळून एकच आवाज, मधूनच एक चुकार पोर मागे राहिलेलं. शाळा तीच होती. तिच्यावर राग धरावा असं काही तिनं केलं नव्हतं, तिनं दिलं होतं ते चांगलंच दिलं होतं, आणि त्याला आता आपल्या शाळेचा इतका अभिमान वाटत होता आणि इतकं रडू येत होतं की दोन्ही एकाच जागेतून येत असल्यासारखं वाटत होतं. मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. मग वर आणखी काही झाली. घड्याळ बरोबर लावा म्हणावं की पुढे लावा म्हणावं, हे त्याला अजून कळत नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. “सर, सगळे थांबलेत तुमच्यासाठी.”

“हो,” तो म्हणाला. “अजून थोडं.”

बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय ही गोष्ट त्याच्या आयुष्यात नवी होती. वर पाढे संपले. बाकं सरकल्याचे, वह्या मिटल्याचे आवाज येऊ लागले, म्हणजे तास संपत आला होता, म्हणजे आता कुठल्याही क्षणी घंटा होणार होती. सवयीनं त्याचे पाय जमिनीवर घट्ट झाले, हात गुडघ्यांवर आले. शेजारी बाकाची अर्धी जागा मोकळी होती. तिच्यावर त्यानं हात ठेवला, दगड उन्हानं कोमट झाला होता.

तो उठला नाही. घंटा होईल तेव्हा होईल.