चौदा नंबरच्या दारातला जोड

योगिनी बोरस्तेचं शिकवणं जगावेगळं. नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या त्या डिप्लोमा कॉलेजात बाकीचे सर फळ्यावर कोड उतरवून द्यायचे आणि पोरं तो परीक्षेत उतरवून यायची. योगिनी मात्र पोरांना थेट दुसऱ्याच्या घरात घुसवायची, म्हणजे ओपन सोर्स गेममध्ये. त्याचा कोड सगळ्या जगासाठी उघडा. कुणीही वाचावा, बिघडवावा, नीट करून परत द्यावा, आणि मूळ मालकाला पटलं तर तो आपलं काम ठेवून घेतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. मालकाने काम ठेवून घेतलं तरच प्रोजेक्टला पूर्ण मार्क, हा नियमही तिनेच केला होता, आणि तोच यंदा तिच्या अंगाशी आला.

गेमचं नाव कंदील. त्यात एक मुलगी हातात कंदील घेऊन धुक्यातून चालते आणि घरोघरी उजेड पोचवते. मारामारी नाही, घाई नाही, वेळ कायम दिवेलागणीची. तो बनवला एलिना नावाच्या बाईने, कुठल्याशा बर्फाळ देशात, एका तळ्याकाठी बसून. यंदा वर्गातल्या पायल पगारेने त्यात एक नवं गाव घातलं, स्वतःचं एकलहरे. धुक्यात वर गेलेल्या वीजकेंद्राच्या चिमण्या, पायथ्याला पत्र्याची घरं, पिवळ्या खिडक्या. तपासायला बसलं की योगिनीला आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, ते कळेनासं व्हायचं. धुराचा वर जाता जाता ढग व्हायचा, आणि ढगाखालून पुन्हा तेच गाव हळूच दिसायला लागायचं.

पहिली चूक मजेची निघाली. तुमच्या गावात मुलीचे बूट चोरीला जातात, असं एलिनाने कळवलं. झालं होतं असं, की मुलगी उंबऱ्याशी आली की चपला काढते, हे पायलने न सांगता लिहून टाकलं होतं. चपला घालून कुणी घरात शिरेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पण तीच मुलगी मागच्या दाराने बाहेर पडली की उरलेला खेळ बिचारी अनवाणी. सगळा वर्ग हसला, पायलही हसली आणि एका दिवसात तिने ते दुरुस्त केलं.

दुसऱ्या पत्राला मात्र ती हसली नाही. चौदा नंबरच्या घरात फक्त आई आणि मुलगी राहतात, मग दारात पुरुषाच्या चपला कुणाच्या, असं एलिनाने विचारलं होतं. आणि त्या कुणी घालत नाही, तरी खेळ उघडावा तेव्हा त्यांची तोंडं वेगळ्या दिशेला कशी? एवढं काढून टाका, गाव मी ठेवून घेते.

काढायच्या होत्या चार ओळी. शुक्रवारी मार्क भरायचे होते, आणि पायलचा पुढचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच मार्कांवर अडलेला. योगिनीने समजावलं, रागावून पाहिलं. पायल खाली बघून एवढंच म्हणाली, "राहू द्या मॅडम. मार्क गेले तर गेले."

पायलचे वडील धोंडीराम चार वर्षांपूर्वी वारले, हे योगिनीला माहीत होतं. तिने मनाशी जुळवून टाकलं: पोरीने वडिलांची आठवण दारात ठेवली आहे. तिला वाईट वाटलं, पण आठवणीपायी वर्ष घालवायचं म्हणजे काय, असंही वाटलं. त्या ओळी ती स्वतः पुसू शकत होती. बुधवारी तिने फाइल उघडली, ओळींवर बोट नेलं, आणि कुणाच्या तरी चपला रस्त्यावर भिरकावल्यासारखं वाटून संगणक बंद केला.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर ती एकलहऱ्याच्या बसमध्ये बसली. उतरली तेव्हा ऊन कलत होतं आणि चिमण्या आकाशात अर्ध्या विरघळल्या होत्या. तिने कुणाला पत्ता विचारला नाही. कडुलिंबापासून डावीकडे, पाण्याच्या टाकीमागून तिसरी गल्ली. हातात कंदील नव्हता, एवढाच फरक. इथे ती पहिल्यांदाच येत होती आणि पायांना सगळं पाठ होतं.

चौदा नंबरच्या दारात तपकिरी चपलांचा मोठा जोड होता. योगिनीने आपल्या चपला शेजारी काढल्या. पायलची आई, विमलाबाई, अंगण झाडत होती. तिने या म्हटलं, केरसुणी ठेवली, आणि आत वळताना वाकून तो जोड उचलून तोंड फिरवून ठेवला, एक चप्पल किंचित तिरकी.

"मालकांच्या का?" योगिनीने हळूच विचारलं.

"नाय वो. ह्या नाशिकरोडच्या बाजारातनं आणल्या. दोघी बायाच राहतो ना. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, घरात गडीमाणूस हाय. पण नुसत्या ठेवून भागत नाय, मॅडम. एका जागी राहिल्या की धूळ बसते, मग लोकांना बरोबर कळतं. म्हणून रोज फिरवायच्या."

पायल दाराला टेकून उभी होती. कॉलेजात सांगायची लाज वाटली, भित्री म्हणतील, असं ती पुटपुटली.

योगिनीला स्वतःचा असा राग आला की हसूच फुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जेलरोडच्या फ्लॅटमध्ये ती सहा वर्षं एकटी राहत होती, आणि पहिल्याच दिवशी भावाने दाराशी नऊ नंबरचे बूट आणून ठेवले होते. तिने ते एकदाही हलवले नव्हते. त्यांवर एव्हाना बोटभर धूळ होती. म्हणजे घरात दुसरं कुणी नाही, हे ती सहा वर्षं सगळ्या बिल्डिंगला सांगत होती.

"माझ्याही दारात एक जोड आहे, पायल," ती म्हणाली. "मीही कुणाला सांगितलेलं नाही."

मग चहा झाला, आणि आईने सांगितलेलं सगळं पायलने एलिनाला साध्या शब्दांत लिहून पाठवलं. एकही ओळ काढली नाही. घरी गेल्यावर योगिनीने कुलूप उघडण्याआधी बूट पुसले आणि भिंतीकडची टोकं जिन्याकडे केली.

शुक्रवारी दुपारी गाव स्वीकारलं गेलं. सोबत एक अक्षर नव्हतं. पायलला मार्क मिळाले, तरी योगिनीला चुटपुट लागली. एवढं मन उघडं केलं, त्यावर बाईने हूं की चूं करू नये?

वर्गाला दाखवायला पायलने खेळ नव्याने उघडला. तो सुरू होतो एलिनाच्या तळ्याकाठी. तिथे एका म्हातारीची एकटी झोपडी आहे. त्या झोपडीवरून सगळी पोरं शेकडो वेळा गेली होती, आणि तिचा उंबरा नेहमी मोकळा असायचा. आज दाराशी पुरुषाचे मोठे बूट होते, वर थोडा बर्फ, टोकं झोपडीकडे. योगिनीला भरून आलं आणि तिने ते लपवलं नाही.

पायलने खेळ बंद करून पुन्हा उघडला. बुटांची टोकं आता तळ्याकडे होती.