भावोजींची काहील

मित्रांनो, अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली तीन पायांचे एक काळे, बोजड भांडे पावसात भिजत पडले आहे ना, ती मी. मी ओतीव लोखंडाची जुनी काहील आहे. माझ्या पोटात सध्या बटाट्याच्या साली आहेत, आणि त्या साली कोण खातो हे सांगताना माझा संताप होतो. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म मुख्य भूमीवरच्या एका ओतशाळेत झाला. ओतारी चांगला होता, त्याने माझा काठ जाड ठेवला. या घराची मालकीण क्लोरिंदा; तिच्या सासूला माहेरच्या भावाने मला लग्नात आहेर म्हणून दिले. होडीतून चिलोएच्या या बेटावर येताना माझ्यात बियाण्याचे बटाटे भरले होते आणि वरून एक कोंबडी बसली होती. सासू गेल्यावर मी क्लोरिंदाची झाले.

तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये, म्हणजे इथल्या दक्षिणेकडच्या ऐन हिवाळ्यात, या घरात एक डुक्कर मारले जाई. वर्षभर ते उकडलेले बटाटे आणि पडलेली सफरचंदे खाई, ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन शिंपले उकरी, आणि जूनमध्ये माझ्याकडे येई. पुरुष सकाळी सुरी चालवत. बायका ओढ्यावर आतडी धूत. मग मला चुलीवर चढवत आणि माझ्यात चरबी कढू लागे. त्याच चरबीत मांस तळले जाई. क्लोरिंदा लांब लाकडी उलथन्याने ढवळत असे, आणि चरबी नेमकी कधी उतरवायची हे तिच्याइतके कोणालाच कळत नसे. मग सतरा घरी सतरा ताटे जात. ज्या घरी ताट गेले, ते घर आपले डुक्कर मारले की ताट पाठवी. हे कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. ज्या घरातून ताट निघत नाही, त्या घराला इथे कोणी नावे ठेवत नाहीत. फक्त हळूहळू त्या घराकडे जाणारी वाट गवताने झाकली जाते.

माझे तेव्हा फार कौतुक होते. गावात एवढी मोठी काहील दुसरी नव्हती. मला राखेने घासून, चरबीचा हात फिरवून, चुलीजवळ उपडी ठेवत.

पण मित्रांनो, इतकी वर्षे चुलीवर बसून मी माणसांची बोलणी ऐकली आहेत, आणि खरे सांगते, माझे डोके उठले आहे. क्लोरिंदाचा मुलगा रोसामेल घ्या. लहानपणापासून डुक्कर धरायची वेळ आली की त्याला नेमकी लाकडे आणायची आठवण होई. ओरडणे थांबले की स्वारी हजर, आणि पहिला तुकडा त्याच्याच तोंडात. आता तो मुख्य भूमीवर मासळीच्या कारखान्यात काम करतो, दुकानातले पातळ कापलेले मांस पाकिटातून खातो, आणि सुट्टीला आला की आईला म्हणतो, "आई, हे मारणं-बिरणं आता शोभत नाही."

दुसरे ते अरिस्तिदेस. कुंपणापलीकडचे शेजारी. सुरीला हात स्थिर म्हणून गावातली सगळी डुकरे तेच मारतात, पण त्यांचा जीव सगळा बंदुकीत. एकदा दोन रानबदके हातात लटकावून ते कुंपणापाशी उभे राहिले.

"ताई, याला म्हणतात मांस," ते म्हणाले. "मोकळं जगलं, मोकळं मेलं. तुमच्यासारखं नाही. वर्षभर खाऊ घालायचं, पाठ खाजवायची आणि मग गळ्यावर सुरी. हा विश्वासघात झाला."

"गोळ्या तीन ऐकल्या मी," क्लोरिंदा म्हणाली. "तिसरं कुठाय?"

"पंखाला लागली. लव्हाळ्यात पडलं ते. सापडलं नाही."

"मग जा आणि त्याला विचार, मोकळं वाटतंय का म्हणून. माझं डुक्कर निदान सापडतं तरी."

अरिस्तिदेस बदके घेऊन घरात गेले. तेव्हा मला क्लोरिंदाचा अभिमान वाटला होता. तिचे नियम दोनच होते आणि गावातल्या प्रत्येक नव्या सुनेला ती ते ऐकवत असे: डुकराला नाव ठेवायचे नाही, आणि त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. हे नियम तिने स्वतः मोडले, म्हणून तर मी इतकी चिडले आहे.

झाले असे, की देवळाच्या ओल्या पायऱ्यांवरून पडून तिचे कंबरेचे हाड मोडले. दोन हिवाळे तिच्याकडे डुक्कर नव्हते. दोन्ही हिवाळे सतरा घरांतून ताटे येत राहिली. ती चुलीजवळ पडून खात होती आणि प्रत्येक ताटाबरोबर तिचा चेहरा उतरत होता. "पुढच्या जूनला सगळ्यांना देईन," असे ती भिंतीला सांगायची. तिला उपाशी राहण्याची भीती नव्हती. आपण नुसत्या खाणाऱ्या झालो, ही भीती होती.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी रोसामेलने पोत्यातून एक पिल्लू आणले. वेतातले सगळ्यात मरतुकडे. बाहेर गारठा होता, म्हणून क्लोरिंदाने ते चुलीजवळ खोक्यात ठेवले, दोन दिवसांसाठी. बाटलीने दूध पाजले. दोन दिवसांचे दोन महिने झाले. वसंत आला तरी ते बाहेर जाईना. जेवणाची वेळ झाली की दारात येऊन घसा खाकरल्यासारखा आवाज काढी आणि सगळ्यात ऊबदार जागा धरून बसे.

"अगदी आमचे भावोजी," क्लोरिंदा एकदा म्हणाली. तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ असाच न बोलावता यायचा.

झाले. त्या दिवसापासून भावोजी. कोणी हटकले की म्हणायची, "नाव कुठं ठेवलंय? नुसती हाक मारते." गाव कुंपणावरून विचारू लागले, "भावोजी जेवले का?" आणि ही बाई खुशाल सांगायची, "आज बटाटा नको म्हणाले."

जून आला. अरिस्तिदेस सुरीला धार लावून आले. भावोजी आपण होऊन त्यांच्यापाशी गेले आणि पाठ खाजवून घ्यायला उभे राहिले. मी चुलीवर चढून तयार होते. क्लोरिंदाने आभाळाकडे पाहिले.

"आज नको. चंद्र उतरतीला आहे, मांस आकसतं."

पुढच्या आठवड्यात पाऊस होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात कंबर दुखत होती. मग अरिस्तिदेस कुंपणापलीकडूनच म्हणाले, "ताई, चंद्राचं काय ते ठरलं की कळवा," आणि यायचे बंद झाले.

सतरा घरे वाट पाहत होती. कोणी काही बोलले नाही. ते न बोलणे तिला सोसवेना, आणि भावोजींच्या गळ्याकडे तिला पाहवेना. म्हणून तिने एक अक्कल चालवली. रोसामेलला निरोप धाडला, आणि तो बोटीने मासळीच्या दोन खोक्यांत दुकानातले मांस घेऊन आला. गुलाबी, धुतलेले, कातडी नाही, चरबी नाही. भावोजींना बटाट्यांच्या कोठारात कोंडले. चरबी नव्हती, म्हणून मला बाटलीतल्या तेलाने भरले. साठ हिवाळ्यांत माझ्यात तेल कधी पडले नव्हते. मला कोणी विचारले नाही.

ते मांस माझ्यात पडले तेव्हा, मित्रांनो, मला त्याच्याविषयी काहीच कळेना. माझ्यात आलेले प्रत्येक डुक्कर मी अंगणात फिरताना पाहिलेले असे. कोणते शिंपल्यांना हपापलेले, कोणते ढगांना घाबरणारे. हे कोण होते? याला कोणी खाजवले होते? एका ओळखीच्या डुकराचा जीव वाचावा म्हणून हे अनोळखी डुक्कर मारले गेले, आणि त्याच्यासाठी या घरात कोणाच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही. उलट क्लोरिंदा गुणगुणत होती. मला ती त्या दिवशी आवडली नाही, हे मी स्पष्ट सांगते.

रोसामेल ताटे वाटायला निघाला. पण या मायलेकरांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती. इथे डुक्कर मेले की साऱ्या गावाला ऐकू येते. त्या सकाळी कोणीही ओरडले नव्हते. त्यातच भावोजींनी कोठाराची फळी मोडली आणि ताटांच्या वासामागे रोसामेलच्या पाठोपाठ दारोदार फिरले.

संध्याकाळच्या आत अरिस्तिदेसची बायको एदेल्मिरा ताट घेऊन परत आली. ताट तसेच भरलेले, वर फडके झाकलेले. मागे भावोजी.

"क्लोरिंदाताई, हे डुक्कर कुणाचं?" तिने ताटाकडे बोट दाखवून विचारले.

"माझंच."

"तुमचं तर हे माझ्यामागं उभंय."

"दुसरं होतं एक," रोसामेल मध्येच म्हणाला.

"तू गप्प बस, तू लाकडं आण," एदेल्मिरा म्हणाली. मग क्लोरिंदाकडे वळून हळू आवाजात बोलली, "नाही मारवत तर नका मारू, ताई. कुणी जबरदस्ती केलीय का? पण जे कुणी पाळलं नाही, जे मरताना कुणी ऐकलं नाही, ते आपलं म्हणून मला पाठवू नका. माझ्या घरच्यांनी दोन हिवाळे तुम्हांला खरं ताट पाठवलंय."

क्लोरिंदाने ताट घेतले. दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी अकरा ताटे परत आली, आणि उरलेल्यांनी ती कुत्र्यांना घातली असे ऐकले.

त्यानंतर तिने डुक्कर खाणे सोडले. बोलून दाखवले नाही, पण सोडले. ताटे पाठवणार नाही आणि घेणारही नाही, असा तिने निरोप दिला. लोकांनी तो ऐकला. वाटेवर गवत आले. रविवारी देवळातून परतताना बायका घोळक्याने चालत आणि ती मागून काठी टेकत एकटी येई. तिचे दुःख मला दिसत होते. पण मला स्वतःचेही दिसत होते, कारण आता मी घरात कशाला? एका सकाळी तिने मला ओढत झाडाखाली आणले आणि माझ्यात बटाट्याच्या साली ओतल्या. भावोजींनी माझ्यात तोंड घातले. ज्याने माझ्यात शिजायचे, त्याचे मी ताट झाले. वर्षभर मला कोणी घासले नाही. काठावर गंज चढला.

मग या वर्षीचा जून आला. एका सकाळी एदेल्मिराकडचे डुक्कर ओरडले. क्लोरिंदाने खिडकी लावून घेतली. दुपारी पलीकडे धूर वर चढला, चरबीचा वास आमच्या अंगणात आला. क्लोरिंदा बाहेर आली आणि उगाचच झाडाची फांदी तोडत उभी राहिली. तेवढ्यात कुंपणावरून एदेल्मिराने एक ताट पुढे केले.

"मांस नाही घातलेलं. नुसता मिल्काओ आहे, बटाट्याचा. गरम आहे तोवर खा," असे म्हणून ती धुराकडे पळाली.

क्लोरिंदा ताट घेऊन माझ्यापाशी आली. मग तिने एक घास घेतला, चावला आणि थांबली. मिल्काओ म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड भाकरी, आणि तिच्या पोटात चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. डुकराच्या चरबीचे. जन्मभर मिल्काओ थापलेल्या बाईला हे आठवू नये आणि एदेल्मिराला ते सुचू नये, याला काय म्हणावे? तिने तोंडातला घास गिळावा की टाकावा या विचारात ताट माझ्या काठावर टेकवले.

भावोजींनी विचार केला नाही. सगळा मिल्काओ त्यांनी मटामटा खाल्ला, कुरकुरीत तुकड्यांसकट. ताट चाटले. मग मान वर करून क्लोरिंदाकडे पाहिले आणि घसा खाकरला.

मी थक्क झाले. ज्याच्यापायी एका म्हातारीने गावाशी खोटेपणा केला, आपले मांस सोडले, माझी ही दशा केली, त्याला शेजारचे डुक्कर गोड लागले होते.

एदेल्मिरा ताट न्यायला आली. "आवडलं का?"

क्लोरिंदा हो म्हणू शकली असती. मी श्वास रोखून होते.

"एकच घास खाल्ला," ती म्हणाली. "आत चरबी होती."

एदेल्मिराने कपाळाला हात लावला. "ध्यानातच नाही आलं माझ्या. मग बाकीचं?"

"भावोजींनी खाल्लं."

"सगळं?"

"ताटसुद्धा चाटलं. अजून मागतोय निलाजरा."

एदेल्मिराने भावोजींकडे पाहिले, क्लोरिंदाकडे पाहिले, आणि कुंपणाला धरून हसत खाली बसली. क्लोरिंदाही हसली, डोळे पुसत, बऱ्याच दिवसांनी.

"ताई, ढवळायला या ना," एदेल्मिरा शेवटी म्हणाली. "आमच्या यांना काही समजत नाही. चरबी जाळतील."

"मी खाणार नाही."

"खा म्हटलं का मी? ढवळायला या म्हटलं."

"आणि माझ्याकडून ताट यायचं नाही."

"नका पाठवू. तुम्ही आलात तर झालं."

क्लोरिंदा काठी न घेताच निघाली. दुसऱ्याची काहील ढवळायला, हो. मी इथे सालींसकट बसून राहिले. संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या हातांना चरबीचा वास होता आणि भावोजी दारात पाठ पुढे करून उभे होते. तिने त्यांना हात लावला नाही. आधी चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासले, धुतले, पुन्हा घासले, आणि मगच त्यांची पाठ खाजवली. त्यांना त्या चरबीचे काय होते? पण तिला होते, आणि तेवढ्यावर माझा निम्मा राग उतरला.

मित्रांनो, तुम्ही काय खावे हे सांगायला मी कोण? खाणारे असाल तर ज्याला खाता त्याच्याकडे एकदा नीट पाहा. खाणारे नसाल तर नसा, पण त्याची जी किंमत पडेल ती स्वतः सोसा, दुसऱ्या जिवाकडून भरून घेऊ नका. आणि हात धुऊन झाल्यावर मूठभर राख उरली, तर ती माझ्या काठाला लावा. भावोजी जेवताना मला चाटतात, पण त्याने गंज जात नाही.