शेगडीला थंडी वाजवण्याची गोष्ट

मे महिन्यात, दिल्लीजवळच्या मानेसरला शेगडी पेटवायची आहे, हे ऐकून रमाबाईंनी लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. लुंबिनीने शांतपणे सांगितलं, की शेगडी कंपनीतली आहे, ती टेस्टसाठी पेटवायची आहे, आणि डब्याबरोबर थंडगार ताकाची मोठी बाटली दे, कारण त्या खोलीत आज माणसं वितळणार आहेत.

ही शेगडी म्हणजे पेलेट स्टोव्ह. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या तिच्यात आपोआप पडतात, जळतात, घर उबदार होतं आणि एक पंखा धूर पाइपातून बाहेर ढकलतो. पाइपाचे तुकडे एकमेकांत बसतात तिथे रबरासारख्या सिलिकॉनची गोल कडी लागते. ती उष्णतेने कडक होऊन चिरली, की धूर बाहेर जायच्या ऐवजी घरात येतो. लुंबिनीने दोन ओठांची कडी तयार केली होती: एक ओठ पाइपाला घट्ट धरणारा, दुसरा पहिल्याने दगा दिलाच तर सावरून घेणारा. रमाबाई तिला बांगडी म्हणत. सोसायटीत त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आमची लुंबिनी परदेशातल्या शेगड्यांना बांगड्या भरते.

आजवर लुंबिनीची कंपनी गाड्यांच्या दारांची रबरं बनवत आली होती. बांगडी पास झाली तर लुंबिनीला स्वतःचा विभाग मिळणार होता. नापास झाली तर पुन्हा दारांवर पाण्याचे फवारे मारत गळती शोधणं, आणि ते ती इतकी वर्षं करत होती, की स्वप्नातही तिला दारं ओली दिसत.

प्लांटचे प्रमुख इंद्रजित सर मूळचे पुण्याचे. तिच्याशी मराठीत बोलत, रागावत मात्र हिंदीत. स्टोव्हवाल्या कंपनीकडून गुरुग्रामचे अनुराग मेहरा आले होते, टाय लावून, हातात गॅस मोजायचं मीटर घेऊन. शिवाय लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसच्या इन्ग्रिडबाई होत्या. त्या कुठल्याशा बर्फाळ गावात स्वेटर घालून बसल्या होत्या. अट साधी होती: शेगडी सलग तासभर जळली पाहिजे आणि पाइपाच्या जोडाजवळ मीटरने शून्य दाखवलं पाहिजे. मध्ये विझली, तर तास पहिल्यापासून.

लुंबिनीने बटण दाबलं. शेगडीने एक हिरवा दिवा लावला आणि गप्प बसली.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवा दिवा. शेगडीच्या छोट्या पडद्यावर लिहून आलं होतं, की खोली हवी तेवढी गरम झाली आहे. खोली एक्केचाळीस अंशांवर होती. शेगडीला जास्तीत जास्त तीसपर्यंत गरम करायचं ठाऊक होतं. तिच्या मते काम झालेलं होतं.

इंद्रजित सर म्हणाले, "म्हणजे काम न करताच झालं म्हणून सांगतेय? परमनंट करून टाका हिला."

मग एसी लावले. ते थोडा वेळ घरघरले आणि फ्यूज घेऊन गेले. मग कूलर आणला, त्याने खोलीची न्हाणी झाली. अनुराग यांचा टाय गेला, मग कोट गेला. इन्ग्रिडबाईंनी सुचवलं, की खिडकी उघडून पाहा. सगळ्यांनी पडद्याकडे मोठ्या हेव्याने पाहिलं.

लुंबिनी शेगडीच्या मागे जाऊन उकिडवी बसली. तिथे एक वायर लोंबत होती आणि टोकाला मण्याएवढा सेन्सर. शेगडीला सगळी खोली कळत होती ती या मण्यातून. म्हणजे खोली गार करायची गरज नव्हती, मणी गार केला की झालं. तिने रबरी हातमोज्याचं एक बोट कापलं, मणी त्यात घालून दोऱ्याने बांधला आणि आईच्या ताकात सोडला.

शेगडीला हुडहुडी भरली. खट् झालं, कांड्या पडल्या, ज्वाळा उठली. मीटर शून्यावर.

पण ताक किती वेळ गार राहणार? खोली आता भट्टीच झाली होती. अर्धाही तास झाला नव्हता तोच ज्वाळा मंदावली. लुंबिनीने सरांकडे पाहिलं. सरांना कळलं. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये त्यांचा डबा होता, आणि त्यात त्यांच्या पत्नी वृंदावहिनींनी खास आजच्या यशासाठी केलेलं केशरी श्रीखंड.

"दुसरं काही नाही?" सरांनी विचारलं.

"भेंडी आहे सर. पण तिच्यात मणी बुडणार नाही."

श्रीखंड आलं. मणी त्यात गेला, ज्वाळा तरारली. सरांनी तोंड फिरवलं आणि तेवढ्यात निवांत ताक पिऊन टाकलं. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा श्रीखंडही ढिलं पडलं, आणि फ्रिजमध्ये खरोखरच भेंडी तेवढी उरली. लुंबिनीला ओली दारं दिसू लागली.

तेव्हा अनुराग खाकरले. नियमाप्रमाणे त्यांनी मदत करायची नव्हती. पण ते हळूच म्हणाले, "मॅडम, गाडी में आइसबॉक्स है. बच्चों की कुल्फी है. मटकेवाली."

कुल्फीत शेगडीने तास पूर्ण केला. मीटर शेवटपर्यंत शून्यावर होतं.

मग इन्ग्रिडबाईंनी शेगडीने पाठवलेले आकडे वाचले आणि विचारलं, की खोली दोन अंशांवर असताना तुम्हा सगळ्यांना इतका घाम का आला आहे. सर टेबलाखालून लुंबिनीच्या पायावर पाय देऊ लागले. टेस्ट शीतगृहात चालली आहे, अशी थाप त्यांच्या मनात तयार होती. पण लुंबिनीला चुकीचं तापमान सांगता येत नसे. बहुधा जन्मतःच. तिने सांगितलं, की खोली चव्वेचाळीसवर आहे, सेन्सर कुल्फीत आहे, त्याआधी श्रीखंडात होता, त्याआधी ताकात.

पलीकडे बराच वेळ नुसतं टाइप केल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. कडी पास. मात्र नियमाप्रमाणे, ज्या पद्धतीने नमुना पास झाला त्याच पद्धतीने दर महिन्याचा माल तपासायचा. तेच पदार्थ, त्याच क्रमाने. बदल करायचा तर आधी लेखी परवानगी.

घरी आल्यावर लुंबिनीने आईला दोन बातम्या दिल्या: विभाग मिळाला, आणि दर महिन्याला ताक लागेल. अगदी आजच्यासारखं.

"पुढच्या वेळी आलं घालीन थोडं," रमाबाई म्हणाल्या.

"नको आई. परवानगी घ्यावी लागेल."

"ताकात आलं घालायला परदेशातून परवानगी?" रमाबाईंनी रवी खाली ठेवली. "आणि नंतर त्या ताकाचं काय करता?"

"सर पितात."

"मग मीठ त्यांच्या जिभेला लागेल तेवढं घालते. शेगडीला काय कळतंय."

मिठाने द्रवाचे गुणधर्म बदलतात, हे सांगायला लुंबिनीने तोंड उघडलं. मग तिला आठवलं, की तसं म्हटलं तर मिठासाठीही लेखी परवानगी लागेल आणि नवा विभाग तिथेच अडेल, आणि तिने घरात उरलेलं ताक पिऊन घेतलं.