सोळा ब्रास खडी

रस्ता चाळीस फूट उरला आणि खडी संपली, तेव्हा सगळ्यांनी आधी पुंजाकडे पाहिलं.

पुंजा रात्रीचा राखणदार. पेठ तालुक्याकडचा, खडीच्या ढिगांशेजारी खोपटं घालून राहायचा, दिवसा झोपायचा. काम गंगापूर रोडलगतच्या नव्या सोसायटीच्या रस्त्याचं, ८१ सालचं. खडीचा अंदाज काढला होता मल्हारीने. बीएस्सी होऊन तो नुकताच कारभारी नावाच्या ठेकेदारांकडे सुपरवायझर म्हणून लागला होता. लांबी दोनशे फूट, रुंदी बारा, दबाईनंतरचा थर सहा इंच. रोलरखाली खडी बसते म्हणून वर एक तृतीयांश. सोळा ब्रास, म्हणजे सोळाशे घनफूट. ढीग उतरले तेव्हा टेप लावून मोजणीही त्यानेच केली होती; खडी पुरी सोळा ब्रास भरली होती.

"गणित बरोबर ना, बीएस्सी? मग खडी काय चालत गेली?" कारभारी म्हणाले. पुंजाने संध्याकाळपर्यंत कबूल व्हावं, नाहीतर त्याला पोलिसांत द्यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

संशय मल्हारीलाही होता. खोपटाच्या दारात खडी अंथरलेली त्याने पाहिली होती. त्याने जाऊन विचारलं.

"चार घमेली घेतली साहेब. बाकीची नाय," पुंजा म्हणाला आणि नजर चुकवत राहिला. ते नजर चुकवणं मल्हारीला आवडलं नाही.

पण कमी पडत होती तीन ब्रास. त्याला ट्रक लागतो, आणि भोवतीच्या काळ्या मातीच्या रानात ट्रक शिरला तर चाकोऱ्या उमटणारच. मल्हारी चारी बाजूंनी फिरून आला. साधी बैलगाडीचीही ताजी चाकोरी नव्हती. बाहेर गेली नाही, म्हणजे खडी इथेच कुठेतरी होती.

त्याने पहार घेतली आणि तयार रस्ता खणायला सुरुवात केली. सहा इंचांवर खडी थांबून खाली तांबूस मुरूम लागायला हवा होता; खडी मातीत रुतू नये म्हणून तो आधी दाबून घालतात. खडी थांबेचना. खाली खाली ती चिकट काळ्या मातीत रुतत गेली होती. दबाईच्या पाण्याने माती भिजली होती आणि रोलरने खडी तिच्यात दाबली होती. मुरूम चिमूटभरही नव्हता.

बहिणीच्या लग्नाला तो कळवणला गेला, त्या दिवसांत मुरूम टाकून झाल्याचं कारभारींनी त्याला सांगितलं होतं. परतला तेव्हा रस्ताभर खडीचा पहिला थर होता. रजेवर आणखी चार दिवस राहा, असा आग्रह कारभारींनीच केला होता.

कारभारी आले, खड्ड्यात डोकावले.

"पुंजा, फावडं आण, एवढं बुजव. पोलिसांचं राहू दे."

पुंजा धावत फावडं घेऊन आला. मल्हारीने त्याचा हात धरला. सोसायटीचे इंजिनिअर साहेब बघेपर्यंत खड्डा उघडा राहील, असं त्याने सांगितलं.

पुंजाने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, मालक सोडतो, तुम्ही का धरता?"

"आज सोडतील. उद्या परत तुझंच नाव घेतील."

पुंजाने फावडं खाली ठेवलं नाही. मल्हारी खड्ड्याच्या कडेला बसला, कारभारींकडे तोंड करून.