श्रेणी बदलणार नाही

बाईंच्या टीव्हीला कुठेतरी लागलंय, असं कचेरीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटायचं. वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत जुन्या अंकांचे गठ्ठे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या जिथे टाकतात, त्या मागच्या खोलीत हा टीव्ही होता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, नेमके जिथे दोन्ही संघांचे गुण दिसतात तिथे, जखमेवर लावायची चिकटपट्टी बसवलेली. आवाज बंद. समोर बाई, नाकावर चष्मा, मांडीवर वही. बास्केटबॉलचा सामना डोळे फाडून बघायचा आणि कोण जिंकतंय ते मात्र बघायचं नाही, असं करणारी सबंध शहरात एकच व्यक्ती होती, आणि तीच म्हणे क्रीडा पानाची परीक्षक!

बाई पूर्वी बारा वर्षं शाळेत खेळ शिकवायच्या, म्हणून कचेरीतही त्या बाईच राहिल्या. व्यावसायिक संघांची बाद फेरी सुरू झाली, की पहिल्या दोन-दोन सामन्यांनंतर त्या आठही संघांचं प्रगतिपुस्तक काढत. बावीस वर्षांचा नेम होता तो. संघाचं नाव, श्रेणी, एका ओळीचा शेरा, आणि चौकटीच्या तळाशी टिंबांची रेघ: 'पालकांची सही'. ती रेघ आपली गमतीपुरती, तिथे कधी कोणी सही केली नव्हती. वाचक शेऱ्यांवर मात्र जीव टाकत. 'हुशार, पण डबा वाटून खात नाही.' 'रोज उशिरा येतो आणि रस्त्याला दोष देतो.' लोक ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवत.

गुण का झाकायचे, तर बाईंचं म्हणणं असं, की आकडा दिसला की डोळे आळशी होतात. पुढे असलेल्याचं सगळं गोड वाटायला लागतं आणि मागे असलेल्याचं सगळं वाकडं. त्या चेंडूकडेही फारशा बघत नसत. नेम चुकला की पाचांपैकी किती जण वळून परत धावतात, पडलेल्याला हात कोण देतं, बदलून बाहेर आलेला खेळाडू बाकावर बसून टॉवेलमध्ये तोंड घालतो की आत जाणाऱ्याच्या कानात काही सांगतो, हे सगळं वहीत जायचं. आणि सामना संपायला दोन मिनिटं उरली की त्या टीव्ही बंदच करत. "यापुढे खेळत नाहीत, घड्याळाशी भांडतात," असं म्हणून उठायच्या. निकाल भरण्याचं काम पानं जुळवणाऱ्याचं. तो बाईंचा मजकूर आला की दोन ओळींत कोण जिंकलं ते लिहून टाकायचा, आणि बावीस वर्षं गाडी अशी बिनबोभाट चालली होती.

या वर्षी ऐन मोक्याला पानं जुळवणाऱ्याला गालगुंड झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी! तो घरी गाल धरून बसला आणि बाईंचा मजकूर जसाच्या तसा छापला गेला. त्यात आठव्या क्रमांकावरून कसाबसा बाद फेरीत आलेल्या राखाडी संघाबद्दल बाईंची लेखणी जरा जास्तच रंगात आली होती: 'पहिले दोन्ही सामने खिशात घातलेल्या राखाडी संघाला श्रेणी अ.'

राखाडी संघ दोन्ही सामने हरला होता. एकदा नऊ गुणांनी, एकदा अकरा. हरला तोही लाल संघाकडून, म्हणजे साखळीत पहिला आलेल्या, सगळ्या शहराच्या लाडक्या संघाकडून. त्या लाडक्याला बाईंनी 'क' दिला होता. शेरा: 'हुशार, पण आपली चूक दुसऱ्याच्या वहीत लिहितो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद चहाच्या कपाबरोबर मोबाइल घेऊनच बसली. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात या दोघीच, आणि नणंदेला वहिनीबद्दलचं वाईटसाईट मोठ्याने वाचायला भारी आवडे. "वहिनी, हे ऐक. 'बाईंना चष्मा पाठवा.' चारशे जणांनी अंगठा दाखवलाय."

"वर की खाली?"

"वर गं! आणि हा म्हणतो, 'बाई झोपेत पेपर तपासतात.' बरं लिहितो हं हा."

"मग त्यालाच स्वयंपाक कर आज," बाई म्हणाल्या आणि चप्पल पायात सरकवून बाहेर पडल्या. जिन्यावर मात्र त्या थांबल्या. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. निकाल चुकणं ही चूकच, आणि बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मांडीवर घेऊन तपासल्या होत्या.

कचेरीत संपादक वाटच बघत होता. बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ, पण कागदाला घाबरणारा. हुकूम द्यायचा तो तोंडी, रजा द्यायची तीही तोंडी. सही म्हणून कुठे करायचा नाही. उद्या काही उलटलं तर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय हवी! एकदा वाढदिवसाच्या भेटकार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या, तर यानं म्हटलं, "माझ्या शुभेच्छा तोंडी समजा."

"बाई, वरून दोनदा फोन आला," तो म्हणाला. "दुरुस्ती छापू. निकाल बरोबर करा, माफी मागा, आणि श्रेणी बदला. लालला 'अ', राखाडीला 'क'. विषय संपला."

"निकाल बदलते. माफीही मागते, दोनदा मागते. श्रेणी बदलणार नाही."

"अहो, हरलेत ते!"

"मी काय हरण्याजिंकण्याला श्रेणी दिली? ते काम मैदानावरचा गुणफलक करतो की फुकटात."

संपादकाने कपाळ चोळलं. "बाई, स्पष्ट सांगतो. श्रेणी बदलली नाही, तर प्रगतिपुस्तक बंद. हे वर्ष शेवटचं. वरच्यांचं तसं म्हणणं आहे, मी फक्त निरोप्या."

"लिहून द्या."

"तोंडी सांगतोय ना."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं, आणि बंद करायचं तेही तोंडी! त्या दाराशी गेल्या, परत फिरल्या आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"उद्या सुट्टी आहे. तीन वाजता त्यांचा तिसरा सामना, हाही हरले की राखाडी स्पर्धेबाहेर. या माझ्या खोलीत. पट्टी लावलेली असेल, आवाज बंद असेल, मोबाइल बाहेर ठेवायचा. दोन मिनिटं उरली की सांगायचं, कोण पुढे आहे. बरोबर सांगितलंत, तर तुम्ही म्हणाल तशी श्रेणी लिहीन आणि वर 'मी गाढव आहे' असंही लिहीन."

"आणि चुकलो तर?"

"तर मी लिहीन ते छापायचं, आणि प्रगतिपुस्तक चालू राहील."

संपादक हसला. कोण पुढे आहे ते शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. "ठरलं," तो म्हणाला. तोंडीच.

दुसऱ्या दिवशी तो शेंगदाण्यांची पुडी घेऊन आला आणि त्यातल्या त्यात धड खुर्ची बघून बसला. बाईंनी पट्टी नखाने दाबून घेतली. पहिलं सत्र संपेपर्यंत तो मोजत होता. ओठ हलत होते: दोन, चार, सात. मग लाल संघाने भराभर तीन टोपल्या केल्या, इकडे राखाडीने दोन, मध्येच कोणाला तरी फ्री थ्रो मिळाले, आणि त्याचा हिशेब चुकला. चिडून त्याने मोजणं सोडलं. मग बघण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही उरलं नाही.

"तो बुटका बघा," बाई म्हणाल्या. "चार नंबर."

राखाडीच्या बुटक्याच्या हातून लालच्या एका लांबलचक गड्याने डाव्या कोपऱ्यात चेंडू हिसकावला. पुन्हा तिथेच हिसकावला. तिसऱ्यांदाही. संपादक म्हणाला, "अरे, जातोस कशाला तिकडे?" चौथ्यांदा बुटका मुद्दाम त्याच कोपऱ्यात गेला. लांबलचक गडी खुशीत धावून आला, त्याच्या पाठोपाठ दुसराही आला, आणि बुटक्याने न बघता चेंडू पाठीमागून मोकळ्या सोबत्याला दिला. टोपली! संपादकाच्या मांडीवरचे शेंगदाणे जमिनीवर गेले.

त्यानंतर तो पुढे सरकून बसला. लालचा एक नेम चुकला, तेव्हा चुकवणारा हात पसरून पंचाकडे बघत उभा राहिला आणि बाकीचे चौघे त्याच्याकडे. राखाडीचा नेम चुकला तेव्हा पाचही जण केव्हाच परतले होते. राखाडीचा थोराड गडी आपटला, तर बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. "यांचं काहीतरी वेगळंच आहे हो," संपादक म्हणाला.  बाई वहीत परतणाऱ्यांच्या रेघा ओढत होत्या.

घड्याळात दोन मिनिटं उरली. बाईंनी रिमोट उचलला. "बोला."

"राखाडी," संपादक म्हणाला. "पाच-सहाने तरी. सरळ दिसतंय की."

"नक्की?"

"शंभर टक्के!" आणि त्याने स्वतःच उठून पट्टी टरकन ओढली.

लाल सात गुणांनी पुढे होता.

संपादक पट्टी हातात धरून उभाच राहिला. ती त्याच्या बोटाला चिकटली होती. बाई जिंकल्या होत्या, पण त्यांना आनंद काही झाला नाही. राखाडी संघ आज बाहेर पडणार, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. त्यांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"असू द्या," संपादक म्हणाला. "शेवट बघू या."

कित्येक वर्षांनी बाईंनी शेवटची दोन मिनिटं बघितली. सातचे पाच झाले, पाचचे आठ झाले. संपादकाची नजर आता त्या कोपऱ्यातून हलेना. मघाशी खेळाडूंची पावलं बघणारा माणूस आता नुसते आकडे बघत होता. आठ सेकंद उरले. लाल संघाने नाचायला सुरुवात केली होती. त्यांच्या हातून निसटलेला चेंडू रेषेबाहेर चालला, आणि चार नंबरचा बुटका त्याच्यामागे धावला, उडी मारून त्याने चेंडू आत ढकलला आणि स्वतः जाहिरातीच्या फळीवर जाऊन आदळला. तो चेंडू सोबत्याने उचलून टोपलीत टाकला. सहाने हरले.

"काय मिळालं त्याला?" संपादक हळूच म्हणाला. "आठाचे सहा."

बाईंनी चष्मा काढला. "मी एकोणीस वर्षांची असताना आम्ही पहिल्या फेरीत चाळीस गुणांनी हरलो. शेवटच्या सेकंदाला त्यांची उंच मुलगी एकटीच टोपलीकडे निघाली होती. मी सबंध मैदान पळत गेले आणि तिचा चेंडू अडवला. चाळीसचे बेचाळीस होऊ दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात एकच शब्द होता आमच्याबद्दल. 'धुव्वा'." त्यांचा आवाज चढला. "एक शब्द! तिथे माणूस बसला होता ना तुमचा? फुकट पास घेऊन? त्याला आकडा तेवढा दिसला. मी त्या दिवशी ठरवलं, की आपल्या हातात कधी लेखणी आली, तर असं नाही लिहायचं. तुम्ही बंद करा नाही तर चालू ठेवा, मी त्या पोराला 'क' देणार नाही."

 संपादकाने खाली वाकून शेंगदाणे गोळा केले आणि तो निघून गेला. पट्टी त्याच्याच बोटाला राहिली.

संध्याकाळी बाईंनी मजकूर पाठवला. 'दुरुस्ती. राखाडी संघाने पहिले दोन सामने जिंकल्याचे आम्ही लिहिले होते. ते चूक होते, त्याबद्दल वाचकांची माफी मागते. राखाडी संघ तिन्ही सामने हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. श्रेणी: अ. शेरा: आठ सेकंद उरले असतानाही वर्ग सोडत नाही.' खाली सवयीने टिंबांची रेघ ओढली. पैज जिंकली होती खरी, पण वरून पुन्हा फोन आला, तर हा गृहस्थ 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणणार, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. तोंडी करार, तोंडी पैज. घरी जाऊन त्या चार घास कशाबशा जेवल्या.

सकाळी पेपर नणंदेच्या हाती आधी लागला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाचू लागली, आणि आज मोबाइल कुठेच नव्हता.

"छापलंय?" बाईंनी विचारलं.

"छापलंय. अक्षर न् अक्षर." नणंदेने पेपर डोळ्यांजवळ नेला. "पण वहिनी, खाली 'पालकांची सही' असते ना, ती रिकामी असते ना नेहमी?"

"असते. का?"

"आज कोणीतरी केलीय."

बाईंनी पेपर ओढून घेतला. टिंबांच्या रेघेवर शाईची सही होती, तशीच्या तशी छापलेली. सवय नसलेल्या हाताची, पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची दाटीवाटीने. खाली कंसात पदही लिहिलं होतं, संपूर्ण: संपादक.

"कोण गं हा?" नणंद म्हणाली.

बाईंनी ते कापायला कात्री मागितली.