समोरची खुर्ची

गल्लीत सगळे त्याला गादीवाला म्हणायचे. गाद्या तो क्वचितच भरायचा. त्याचं खरं काम सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचं, पण एकदा पडलेलं नाव कोण पुसणार? तर या गादीवाल्याच्या पोटात महिन्यातून एकदा, ठरलेल्या शनिवारी, दुखायला लागायचं. औषधाने जाणारं दुखणं ते नव्हतं.

त्या शनिवारी त्याची बायको सकाळी लवकर आवरून टेकडीवर सिस्टरांनी चालवलेल्या रिट्रीट हाउसला जायची. दिवसभर मौन, प्रार्थना, मनन-चिंतन, शेवटी फादरांची मिस्सा-प्रार्थना आणि संध्याकाळी घरी. जायची ती नेहमीसारखीच, दमलेली, पिशवीत डबा कोंबत, गॅस बंद केला का म्हणून दोनदा आत जाऊन बघत. यायची मात्र वेगळीच होऊन. कोणीतरी समोर बसवून, मध्ये न तोडता, सगळं ऐकून घेतल्यावर माणूस जसा सैल होतो, तशी सैल झालेली असायची. आल्यावर स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणायची. गादीवाला बाहेरच्या खोलीत बसून ते गुणगुणणं ऐकायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण घरात तिचं कोणी ऐकून घेत नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला माहीत असणार?

ती लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं, कोण कोणाचा शर्ट आपला म्हणून घेऊन जातो, कोणता डाग कोणापासून लपवायचा असतो, असल्या गोष्टींचा तिच्याकडे साठाच होता. जेवताना ती सुरुवात करायची. गादीवाला ‘बरं, मग?’ म्हणायचा, पण अशा सुरात की त्यात प्रश्न औषधालाही नसायचा. मग ती ताटातलं संपवायची आणि उठायची. बायको अलीकडे शांत झालीय, असं त्याला वाटायचं. वय वाढलं की माणसं शांत होतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

मागच्याच मंगळवारी ती म्हणाली होती, ‘अहो, आज एका कोटाच्या खिशात काय निघालं माहितीये? कवळी!’

‘कोणाची?’

‘तेच तर सांगतेय. तर झालं असं...’

तेवढ्यात फोमवाल्याचा फोन आला. माल कधी येणार, कोणता येणार, जाड की पातळ, यावर बराच वेळ गेला. फोन ठेवून गादीवाला म्हणाला, ‘उद्या सांग.’ दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

पण शनिवार जवळ आला तसा त्याला संशय खाऊ लागला. दिवसभर मौन पाळून कोणाचा चेहरा असा खुलतो का? कुठेतरी पाणी मुरतंय. तिथे असतं तरी कोण? त्याने ठरवलं, या वेळी स्वतः जाऊन बघायचं. निमित्त आयतंच होतं. तिथल्या चॅपेलमधल्या, गुडघे टेकायच्या बाकांचं रेक्झिन फाटलं होतं आणि थोरल्या सिस्टरने कधीपासून निरोप धाडला होता.

‘आजच?’ बायको म्हणाली. ‘आज मौन असतं तिथे.’

‘मी काय भाषण करायला येतोय? खिळे ठोकायला येतोय.’

‘मौनात खिळे ठोकलेले चालत नाहीत.’

‘मग हळू ठोकीन.’

तिने कपाळाला हात लावला आणि स्कूटरवर मागे बसली. वाटभर दोघांपैकी कोणीही बोललं नाही. मौनाची सवय या दोघांना घरूनच होती.

सिस्टरने त्याला बागेच्या बाजूची अडगळीची खोली दिली. गादीवाल्याने बाक खिडकीशी ओढला, जुनं रेक्झिन उसवायला घेतलं आणि एक डोळा बाहेर ठेवला. बागेत माणसं खाली मान घालून, एकमेकांना ओलांडून हळूहळू चालत होती. त्याने एकेकाला तोलून पाहिलं. प्रवचन देणारे फादर म्हातारे होते, त्यांना कानाशी ओरडून सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही. ते गेले यादीतून. चष्मा लावलेला एक उंच मास्तर होता. गादीवाल्याने त्याच्यावर बराच वेळ नजर रोखली, पण तो बाकावर बसल्या बसल्या झोपला आणि घोरायला लागला. तोही गेला. राहिल्या बायका, आणि एक माळी, जो झाडांशीसुद्धा रागानेच बोलत असावा असा दिसत होता.

मग बायको आली. तिच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या.

दोन! गादीवाल्याच्या हातातला पेचकस जागीच थांबला.

तिने झाडाखाली एक खुर्ची ठेवली आणि समोर दुसरी. मागे सरून पाहिलं, पुन्हा जवळ आली, समोरची खुर्ची उचलून नीट सावलीत घेतली. स्वतःची राहिली उन्हात. मग रुमाल काढून तिने ती सावलीतली खुर्ची पुसली, हात, पाठ, बैठक, सगळी. गादीवाला कामावरून आला की घरातली खुर्ची कपड्यांच्या ढिगाखालून त्याला स्वतः उकरून काढावी लागायची. इथे मात्र पुसून ठेवतात!

ती बसली. डोळे मिटले. मग बोलायला लागली.

ओठ हलत होते, हातवारे होत होते, मध्येच ती पुढे झुकून काहीतरी खासगीतलं सांगत होती. समोरची खुर्ची रिकामी. गादीवाल्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. रिकामीच. आणि मग त्याची बायको हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हे हसू त्याने लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाहिलं होतं. ते आता तिच्याकडे उरलेलंच नाही, अशी त्याची खात्री होती. उरलं होतं तर! इकडे येत होतं.

सगळ्यात कहर म्हणजे ती खुर्ची त्याच्याच हातची होती. मागच्या वर्षी त्यानेच तिची बैठक भरली होती, वर सुरेख हिरवं कापड ताणून बसवलं होतं.

तो दार उघडून बाहेर आला तर समोर थोरली सिस्टर. त्याने खुणेने विचारलं, हे काय? सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं, पण त्याचा चेहरा पाहून तिला मौन मोडावं लागलं.

‘सकाळच्या बोधाला तुम्ही नव्हता ना,’ ती कुजबुजली. ‘एक खुर्ची आपली, एक प्रभूची. तो समोर बसलाय असं धरायचं आणि मनात असेल ते बोलायचं. जुनी पद्धत आहे आमची. तुमच्या मिसेसना फार छान जमतं.’

‘हो, दिसतंय ना,’ गादीवाला म्हणाला.

सिस्टर गेली. कोणाही शहाण्या माणसाचा जीव यावर भांड्यात पडला असता. याचा उलट आणखी जळायला लागला. समोर एखादा माणूस असता तर त्याच्यात खोट काढता आली असती, चार शब्द सुनावता आले असते, दोन हात करता आले असते. इथे कोणाची कॉलर धरायची? रविवारी ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे, त्याच्यावरच जळायचं? तरी तो जळला. अगदी मनापासून, भर दुपारी, बागेत उभा राहून जळला.

आणि मग तो असं काही करून बसला की जे गल्लीत कोणाला सांगायची सोय नव्हती. बायकोचे डोळे मिटलेले होते. तो पाय न वाजवता गेला आणि त्या हिरव्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली नाही. करकरणार नाही हे त्याला ठाऊक होतं, सांधे त्यानेच पक्के केले होते.

‘...यांना सांगायला गेले,’ बायको हळू आवाजात म्हणत होती, ‘तर फोमवाल्याचा फोन आला. मग म्हटलं जाऊ दे, शनिवारी तुलाच सांगू. तर ऐक. तो माणूस कोट न्यायला आला. मी कवळी पुढे केली, म्हटलं, साहेब, ही तुमची का? तर तोंड घट्ट मिटून नुसती मान हलवतो, नाही म्हणून. मी म्हटलं, कोट तर तुमचाच ना? मानेनेच हो. बोलेल तर शपथ! आणि तेवढ्यात मागून त्याची बायको आली...’

तिला पुन्हा हसू फुटलं. हसता हसता तिने डोळे उघडले.

क्षणभर ती दचकली. मग तिच्या कपाळावर आठी चढली.

‘उठा.’

‘अगं, ऐक तर...’

‘मौन आहे.’

‘तू बोलत होतीस की!’

‘तुमच्याशी नव्हते बोलत. उठा आधी. तिथे कोणीतरी बसलंय.’

गादीवाला उठला. बसणाऱ्याला चुकून धक्का लागू नये म्हणून जरा बाजूने उठला आणि तसं उठल्याबद्दल स्वतःवरच चिडला. अडगळीच्या खोलीत येऊन त्याने पुन्हा खिडकीतून पाहिलं. बायकोने खुर्ची रुमालाने परत पुसली, डोळे मिटले आणि गोष्ट पुरी केली. तिचे खांदे गदगदा हलले. गोष्टीचा शेवट खुर्चीला मिळाला. याच्या हातात उरला फाटक्या रेक्झिनचा तुकडा.

परत येताना उतारावर त्याने स्कूटर हळू केली.

‘कवळी कोणाची होती?’

मागून नुसतं गुणगुणणं.

‘अगं, त्या कोटातली. त्याची बायको काय म्हणाली?’

‘ती गोष्ट सांगून झाली.’

‘मला कुठे सांगितलीस?’

‘ज्याने ऐकली त्याला सांगितली. आता तेच काय उगाळायचं? एवढं अडलं असेल तर त्यालाच विचारा.’

‘तो मला कशाला सांगेल? तेवढी ओळख नाही आमची.’

‘मग करून घ्या,’ बायको म्हणाली, आणि घर येईपर्यंत गुणगुणत राहिली.

गादीवाल्याने ते मनाला लावून घेतलं. काही दिवस तो धुसफुसत हिंडला, गिऱ्हाइकांवर खेकसला, एका सोफ्याचं कापड त्याने उलट बसवलं. शेवटी एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी त्याने मागच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. समोर चांगलीशी निवडली, नवीन मढवलेली, गिऱ्हाईक उद्या न्यायला येणार होतं ती. फुंकर मारून पुसली. स्वतः दुसरीत बसला. आपल्याला वेड लागलंय का, असं एकदा स्वतःला विचारलं आणि डोळे मिटले.

‘नमस्कार,’ तो म्हणाला. ‘मी लाँड्रीवालीचा नवरा.’

कोणी काही बोललं नाही. मग त्यालाच बोलावं लागलं.

‘तुम्ही मला रविवारी बघता. मी शेवटच्या बाकावर असतो. तर तक्रार अशी आहे की, तुमच्याकडे अख्खं जग बोलायला येतं. मला एकच माणूस दिलंत, तेही तुमच्याकडे येऊन बोलतं. हे बरोबर नाही. ती उन्हात बसते आणि तुम्हाला सावली देते, हे तरी तुमच्या लक्षात आलंय का?’

कवळीचं विचारायचं होतं, पण तोंडून दुसरंच निघालं.

‘एक सांगतो. दुपारी मी जेवणाचं निमित्त करून लाँड्रीच्या बाजूला जातो. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. ती गिऱ्हाइकांशी बोलत असते, हात नाचवत, हसत. मी आत जात नाही. मी आत गेलो की ती थांबेल, मला माहितीये. काय हवंय, म्हणून विचारेल. म्हणून मी तिथूनच बघतो आणि परत येतो. त्या गिऱ्हाइकांवरही माझा जीव जळतो. तुमच्यावर तर जळतोच. पण तिला कसं सांगू? इतकी वर्षं “बरं, मग” म्हणत आलो, आता कोणत्या तोंडाने...’

मागे काहीतरी वाजलं. त्याने डोळे उघडून वळून पाहिलं. दारात बायको उभी होती, खांद्यावर पिशवी, हातात दुकानाची दुसरी किल्ली. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे.

‘रोज येता?’ तिने विचारलं.

गादीवाला खाली बघू लागला. ‘बहुतेक रोज.’

‘आणि मला कधी बोलला नाहीत.’

‘नाही.’

‘मी घरात जिवंत बसलेय, रोज समोर जेवतेय,’ तिचा आवाज चढला, ‘आणि हे तुम्ही त्याला सांगता? त्याला?’

त्या आवाजातला जळफळाट गादीवाल्याच्या चांगला ओळखीचा होता. इतके महिने तो त्याच्याच पोटात राहायला होता. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

‘बस ना,’ तो म्हणाला.

बायकोने समोरच्या नव्या खुर्चीकडे पाहिलं. तीत ती बसली नाही. तिला वळसा घालून ती कोपऱ्यात गेली, कापडाच्या तुकड्यांखालचं स्टूल ओढून काढलं, नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ आणून ठेवलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

‘हं. पहिल्यापासून सांगा,’ ती म्हणाली. ‘आणि त्याला सांगितलंत त्यापेक्षा जास्त सांगा.’